जुना लॅपटॉप, नवं डेबियन: स्थलांतराची हकिगत

विंडोज १०ची मोफत सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबणार, ही सूचना लॅपटॉप कितीतरी आधीपासून देत होता. माझा लॅपटॉप २०१६चा, इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरचा. विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे सरळ वाट बंद. १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची वाढीव मुदत घेता येत होती, पण त्याने निर्णय फक्त वर्षभर लांबला असता. यंत्र मात्र ठणठणीत होतं. कीबोर्ड शाबूत, रॅम ८ जीबी, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी मागेच बसवलेली. असं यंत्र भंगारात काढायला मन तयार होईना. म्हणून विंडोज काढून त्यावर डेबियन ही लिनक्स घराण्यातली मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकायचा विचार सुरू केला.

मी संगणक क्षेत्रातला नाही. मजकूर तपासणं, दुरुस्त करणं हे माझं काम. दिवसभर अक्षरांकडेच बघायचं असल्यामुळे स्क्रीनवर काय कसं दिसतं याचं मला जरा जास्तच पडलेलं असतं. तेव्हा या हकिगतीत दिसण्याबद्दल बरंच येईल, ते चालवून घ्या.

सप्टेंबरच्या सुरुवातीला भाच्याला फोन केला. तो प्रोग्रामिंग करतो. लिनक्स टाकायचं म्हटल्यावर खूश झाला, पण डेबियनचं नाव काढताच म्हणाला, “मामा, तू मिंट टाक. डेबियन सर्व्हरसाठी असतं. वायफाय चालायचं नाही, सगळं जुनं मिळेल, आणि दिसायला एकदम रुक्ष.” ऑफिसमधल्या एकाचंही मत साधारण हेच होतं. गंमत म्हणजे दोघांपैकी कोणीही गेल्या काही वर्षांत डेबियन स्वतः वापरलं नव्हतं. ही तीन विधानं मी वहीत लिहून ठेवली: वायफाय, जुनेपणा, रुक्षपणा. एकेक तपासून बघायचं ठरवलं.

पुढचे काही दिवस वाचनात गेले. मिंट आणि उबुंटू हे लिनक्सचेच दुसरे प्रकार. मिंट उबुंटूवर उभं आहे आणि उबुंटू डेबियनवर. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची प्रणाली, गोपनीयतेसाठी वापरतात ते टेल्स, ही सगळी डेबियनचीच पिलावळ. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचे काही लॅपटॉप विंडोज एक्सपीवरून डेबियन ६वर नेत असल्याची बातमी २०१३ साली आली होती. इयान मरडॉक या विद्यार्थ्याने १९९३च्या ऑगस्टमध्ये प्रकल्प जाहीर केला, आणि आजही त्यामागे मालक कंपनी नाही. जगभरातले सुमारे हजार अधिकृत डेव्हलपर आणि त्याहून कितीतरी जास्त मदतनीस मिळून तो चालवतात. १९९७ सालचा त्यांचा एक ‘सामाजिक करार’ आहे, नंतर लिहिलेली घटना आहे, प्रकल्पप्रमुख दरवर्षी मतदानाने निवडला जातो. एका ऑपरेटिंग सिस्टीमला घटना असते हे मला नवीन होतं. दोन-तीन रात्री मी ते दस्तऐवजच वाचत बसलो. काम करायचं सोडून नियम वाचत बसायची माझी खोड जुनी आहे.

फक्त चांगलंच वाचलं असंही नाही. २००८च्या मे महिन्यात उघड झालेलं ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरचं प्रकरण डेबियनच्या नावावर आहे. त्यांनी २००६ साली केलेल्या एका बदलामुळे तयार होणाऱ्या सुरक्षा-किल्ल्या सहज ओळखता येण्याजोग्या झाल्या होत्या. त्यांनी ते स्वतः जाहीर केलं आणि जगभरच्या लोकांना किल्ल्या बदलाव्या लागल्या. २०१४मध्ये सिस्टमडी (संगणक सुरू होताना बाकीच्या सेवा चालू करणारा प्रोग्राम) घ्यायचं की नाही यावर एवढं भांडण झालं की एका गटाने देवुआन नावाची वेगळी चूल मांडली. हे सगळं उघड्यावर, तारीखवार वाचायला मिळतं. मला ते जाहिरातीपेक्षा भरवशाचं वाटलं.

वायफायचं कोडं वाचनातच सुटलं. बऱ्याच वायफाय चिपना चालायला फर्मवेअर, म्हणजे चिपचं स्वतःचं सॉफ्टवेअर, लागतं आणि ते मुक्त परवान्याखाली नसतं. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये फक्त मुक्त सॉफ्टवेअर ठेवायचं असा दंडक होता, त्यामुळे नवखा माणूस पहिल्याच पायरीवर अडकायचा. २०२२ साली सदस्यांनी मतदान करून तो दंडक सैल केला, आणि १० जून २०२३ला आलेल्या डेबियन १२पासून हे फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येऊ लागलं. म्हणजे भाचा खोटं बोलत नव्हता. त्याची माहिती दोन वर्षं मागे होती, इतकंच. या प्रणालीबद्दल मिळणारे बरेच सल्ले असेच मागच्या तारखेचे असतात. कोणी काही सांगितलं की “कितव्या आवृत्तीबद्दल सांगतोयस?” हे आधी विचारा.

सध्याची आवृत्ती डेबियन १३, टोपणनाव ‘ट्रिक्सी’, ९ ऑगस्ट २०२५ला आली. त्यांच्या आवृत्त्यांना एका ॲनिमेशनपटातल्या पात्रांची नावं देतात. ट्रिक्सी ही त्यातली ट्रायसेराटॉप्स डायनोसॉर. कायम अस्थिर असलेल्या शाखेचं नाव ‘सिड’, म्हणजे त्याच कथेतला खेळणी मोडणारा मुलगा. एवढी विनोदबुद्धी असलेल्या लोकांना रुक्ष म्हणणं मला तिथेच जड जायला लागलं.

आता तयारी. हा भाग सर्वात कंटाळवाणा, आणि घाई करू नये असाही हाच. सप्टेंबरचे दोन शनिवार-रविवार त्यात गेले. आधी सगळ्या फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतल्या, मग कामाच्या फायलींची आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवली. नुसतं कॉपी करून थांबू नका. दुसऱ्या संगणकावर त्यातल्या चार-पाच फायली उघडून बघा. ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड एक्स्पोर्ट केले. सी ड्राइव्हवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) सुरू आहे का ते तपासलं, कारण बूटच्या सेटिंगला हात लावल्यावर तो रिकव्हरी की मागू शकतो. ती की कागदावर लिहून घेतली. विंडोजमध्ये टाकलेल्या फॉन्टच्या फायली वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवल्या. युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमधल्या माझ्याकडे काही जुन्या फायली आहेत. त्यांचा फॉन्ट गेला तर मजकूर म्हणजे निव्वळ कचरा. तुमच्याकडे अशा फायली असतील तर फॉन्टही आठवणीने जपा.

शेवटी वापरातल्या सॉफ्टवेअरची यादी केली आणि प्रत्येकापुढे पर्याय लिहिला. एक प्रोग्राम असा निघाला की तो फक्त विंडोजवर चालतो आणि त्याला पर्याय नाही. ते काम मी ऑफिसच्या संगणकावर करायचं ठरवलं. ही यादी न करता कोणी उडी मारू नये. तुमच्या यादीत असे तीन-चार प्रोग्राम निघाले तर स्थलांतराचा विचार पुन्हा करा. त्यात कमीपणा काही नाही.

डाउनलोडबद्दल एक खुलासा. डेबियनच्या अधिकृत पानावरचं मोठं बटण दाबलं की ‘नेटइन्स्ट’ नावाची पाऊण जीबीच्या आसपासची फाइल येते. ती बाकी सगळं इन्स्टॉल करताना इंटरनेटवरून उतरवते. तिच्यात चालवून बघायची सोय नाही. आधी चव घ्यायची असेल तर ‘लाइव्ह’ आवृत्ती लागते. ती इतर डाउनलोडच्या दुव्यात सापडते, प्रत्येक डेस्कटॉपसाठी (स्क्रीनच्या मांडणीसाठी) वेगळी असते आणि त्यातल्या ग्नोमची तर तीन जीबीहून मोठी आहे. मी दोन्ही उतरवल्या. फाइलसोबत चेकसमची, म्हणजे फाइलच्या ओळख-आकड्यांची, यादी मिळते. उतरलेली फाइल त्याच्याशी ताडून बघा, विंडोजच्या पॉवरशेलमधली एक आज्ञा त्याला पुरते. पेन ड्राइव्हवर लिहायला रुफस हा प्रोग्राम वापरला. त्याने ‘आयएसओ’ की ‘डीडी’ असं विचारलं, तिथे डीडी निवडायचं. त्यानंतर विंडोजला तो पेन ड्राइव्ह कळेनासा होतो आणि तो फॉरमॅट करू का असं विचारतो. नाही म्हणायचं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला. बूट मेन्यूची कळ प्रत्येक कंपनीची वेगळी असते: एफ१२, एफ९, एस्केप, यांपैकी काहीतरी. सिक्युअर बूट (फक्त सही केलेली प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) बंद करावं लागलं नाही. डेबियन १०पासून ते चालू ठेवूनही काम होतं. लाइव्ह आवृत्ती डिस्कला हात लावत नाही, सगळं मेमरीत चालतं, त्यामुळे धोका काही नव्हता. तरी छातीत धडधडत होतं.

डेस्कटॉप आला. वरच्या कोपऱ्यात वायफायची यादी उघडली, पासवर्ड टाकला, जोडलं गेलं. वहीतलं पहिलं विधान खोडलं. मग आवाज, कॅमेरा, ब्लूटूथ, झाकण मिटल्यावर झोपणं आणि उघडल्यावर जागं होणं, प्रोजेक्टरची केबल, हे सगळं एकेक करून तपासलं. फिंगरप्रिंट तेवढं चाललं नाही. तो सेन्सर बनवणाऱ्याने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिलेला नाही, त्यामुळे ते कधी चालेल याची वाट बघण्यात अर्थ नव्हता. प्रिंटर मात्र काही न करता यादीत आला. विंडोजमध्ये त्याच्यासाठी मी सीडी जपून ठेवली होती.

लाइव्हचा खरा उपयोग मला डेस्कटॉप निवडताना झाला. डेबियनचा एकच चेहरा नाही. इन्स्टॉल करताना ग्नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई, सिनॅमन, माटे, एलएक्सक्यूटी यांतून निवडता येतं. मी चार वेगवेगळ्या लाइव्ह फायली पेन ड्राइव्हवर आळीपाळीने टाकून बघितल्या. प्लाझ्मा ६.३ विंडोजवरून येणाऱ्याला सर्वात ओळखीचं वाटेल: खाली पट्टी, डावीकडे मेन्यू, आणि प्रत्येक गोष्टीला दहा सेटिंग. माझ्यासारख्याच्या हातात एवढी सेटिंग दिली तर काम बाजूला राहील. एक्सएफसीई ४.२० हलकं आणि चपळ आहे, रॅम ४ जीबी असती तर तेच घेतलं असतं, पण त्याची मूळ चिन्हं आणि पट्ट्या खरंच वीस वर्षांपूर्वीच्या वाटतात. सिनॅमन नीटनेटकं. ग्नोम ४८ सुरुवातीला विचित्र वाटतं: डेस्कटॉपवर एकही चिन्ह नाही, खाली पट्टी नाही, खिडकीला मिनिमाइझचं बटणसुद्धा नाही. बायकोने मागून बघून विचारलं, “हे अर्धवट उघडलंय का?”

मी ग्नोमच निवडलं. टचपॅडवर तीन बोटं वर सरकवली की सगळ्या खिडक्या समोर पसरतात, आणि मजकुराव्यतिरिक्त स्क्रीनवर लुडबुडणारं काही नसतं. माझ्या कामाला हे मानवणारं होतं.

‘रुक्ष’ या शेऱ्याचं मूळ इथे सापडलं असं मला वाटतं. उबुंटू ग्नोमच घेतं, पण त्यावर स्वतःचे रंग, स्वतःची चिन्हं आणि डावीकडे पट्टी चढवतं. मिंट आपली हिरवी ओळख देतं. डेबियन बहुतांशी ग्नोमच्या लोकांनी ग्नोम जसं बनवलं तसंच पुढे देतं. स्वतःचं म्हणून घालतं ते बूट मेन्यूपासून लॉगिन आणि वॉलपेपरपर्यंतचं एक चित्र, आणि ते लाल भोवऱ्याचं बोधचिन्ह. चित्रही कुठल्या डिझाइन विभागातून येत नाही. प्रत्येक आवृत्तीआधी खुलं आवाहन निघतं, कोणीही संकल्पना पाठवू शकतं, मग पसंती नोंदवली जाते. ट्रिक्सीसाठी एलिस कूपर यांची ‘सेराटॉप्सियन’ निवडली गेली. शिंगवाल्या डायनोसॉरच्या कुळाचं नाव, आवृत्तीच्या नावाला साजेसं. त्याआधीच्या आठव्या, नवव्या, अकराव्या आणि बाराव्या आवृत्तीची चित्रं ज्युलिएत टाका यांची होती. एकाच चित्रकर्तीचं काम लोकांनी चार वेळा निवडलं! मागच्या काही आवृत्त्यांची चित्रंही प्रणालीत सोबत येतात, टर्मिनलमधल्या एका आज्ञेने ती परत लावता येतात. मी सध्या अकरावीचं ‘होमवर्ल्ड’ लावलंय. सेराटॉप्सियन चांगलं आहे, पण होमवर्ल्डवर माझा जीव जडला.

इन्स्टॉल करायचा दिवस ठरवला ११ ऑक्टोबर, शनिवार. मुदतीच्या तीन दिवस आधी. त्याआधीच्या आठवड्यात रोजची कामं उरकून घेतली आणि बॅकअप पुन्हा ताजा केला.

नेटइन्स्टचा इन्स्टॉलर दिसायला जुनाट आहे, हे कबूल करायला हवं. करड्या पार्श्वभूमीवर प्रश्नामागून प्रश्न. लाइव्ह आवृत्तीतला दुसरा इन्स्टॉलर जास्त देखणा आहे, प्रश्नही कमी विचारतो. पण मला प्रत्येक पायरी वाचून पुढे जायचं होतं. त्यातल्या या जागा ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत.

भाषेच्या यादीत मराठी आहे, ग्राफिकल इन्स्टॉलर निवडला की दिसते. मी पहिले दोन पडदे मराठीत बघून परत इंग्रजीवर आलो, कारण पुढे काही अडलं तर त्रुटीचा संदेश इंग्रजीत शोधला की उत्तर लवकर सापडतं. मराठी टायपिंगचा याच्याशी संबंध नाही, ते नंतर वेगळं जोडता येतं.

मग रूटच्या (मुख्य प्रशासकाच्या) पासवर्डचा प्रश्न येतो. बहुतेक नवखे इथे गोंधळतात. ही जागा रिकामी सोडली तर तुमच्या नेहमीच्या खात्याला ‘सुडो’ वापरून प्रशासकाची कामं करता येतात. पासवर्ड भरला तर रूटचं वेगळं खातं तयार होतं आणि तुमच्या खात्याला सुडो मिळत नाही. मग इंटरनेटवरच्या निम्म्या सूचना तुमच्याकडे चालत नाहीत. घरच्या एकट्याच्या लॅपटॉपसाठी रिकामी सोडा. स्क्रीनवर हे लिहिलेलं असतं, पण लांबलचक परिच्छेदाच्या शेवटी.

डिस्कसाठी मी पूर्ण डिस्क, एन्क्रिप्टेड एलव्हीएम (म्हणजे पासफ्रेजशिवाय न उघडणारी डिस्क) आणि सगळ्या फायली एकाच पार्टिशनमध्ये असा पर्याय घेतला. विंडोज पूर्ण पुसलं जाणार होतं. तिथे एक शेवटचा ‘बदल डिस्कवर लिहायचे का?’ असा प्रश्न येतो आणि उत्तर आधीपासून ‘नाही’वर असतं. मी उठून पाणी पिऊन आलो, डिस्कचं नाव आणि आकार पुन्हा वाचला, बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली नाही ना ते बघितलं आणि ‘होय’ केलं. एन्क्रिप्शन निवडलं की तो आधी पूर्ण डिस्क यादृच्छिक माहितीने भरत बसतो, त्याला बराच वेळ लागतो. मधेच थांबवता येतं, पण जुन्या फायली त्याच डिस्कवर उघड्या होत्या म्हणून मी होऊ दिलं. पासफ्रेज साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवा, कारण सुरू होताना तो इन्स्टॉल करतेवेळी निवडलेल्या कीबोर्डवरूनच टाकावा लागतो. आणि तो विसरलात तर फायली परत मिळायचा मार्ग नाही.

पुढे मिररचा, म्हणजे पॅकेजं कुठल्या सर्व्हरवरून उतरवायची याचा, प्रश्न आला, तिथे यादीतला डेबियनचा सर्वसाधारण पत्ता घेतला. कोणती पॅकेजं वापरता याची निनावी आकडेवारी पाठवू का, असंही विचारतो, आणि उत्तर ‘नाही’वर ठेवलेलं असतं. न विचारता काही पाठवत नाहीत हे आवडलं म्हणून मी ‘होय’ केलं! मग डेस्कटॉपची यादी, ग्नोमवर खूण, आणि डाउनलोड सुरू. इथे नुसतं बसून राहणं आहे. संध्याकाळी उशिरा लॅपटॉप पुन्हा सुरू झाला आणि लॉगिनचा पडदा आला. भाच्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर: “वायफाय?”

पुढचा आठवडा मांडामांडीचा. बायकोच्या तक्रारीसाठी ‘ट्वीक्स’ नावाचा प्रोग्राम टाकून मिनिमाइझचं बटण आणलं, आणि ‘डॅश टू डॉक’ एक्स्टेन्शनने खालची पट्टी कायम दिसती केली. दोन्ही डेबियनच्याच भांडारात आहेत, बाहेरून काही घ्यावं लागत नाही. माझ्या खात्यात मी पट्टी ठेवली नाही.

अक्षरांवर मात्र मनसोक्त वेळ घालवला. ग्नोमच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे प्रणाली देवनागरीसाठी दुसरा उपलब्ध फॉन्ट शोधून वापरते. माझ्याकडे मेन्यूतली मराठी अक्षरं शेजारच्या इंग्रजीपेक्षा बारीक आणि वेगळ्याच वळणाची दिसत होती. नोटोच्या मुख्य फॉन्टचं पॅकेज टाकल्यावर बरंच सुधारलं. विंडोजमधून जपलेले फॉन्ट टाकायला फाइलवर दोनदा टिचकी मारून इन्स्टॉलचं बटण दाबलं की झालं. टायपिंगसाठी सेटिंगच्या कीबोर्ड विभागात ‘मराठी’ जोडली आणि सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली) कळ व स्पेस एकत्र दाबली की भाषा बदलते. इन्स्क्रिप्टवाल्यांना यात काही शिकावं लागणार नाही. उच्चारानुसारी टायपिंग हवं असेल तर आयबसचं एम१७एन पॅकेज बघा.

लिबरऑफिसमध्ये मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे करून घ्यावं: सेटिंगमध्ये भाषांच्या विभागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ सुरू करून त्यापुढे मराठी निवडा, आणि मग शैलीमध्ये त्या गटाचा फॉन्ट वेगळा ठरवा. तिथे इंग्रजीचा आणि देवनागरीचा फॉन्ट स्वतंत्र असतो. वरच्या पट्टीत फॉन्ट बदलूनही मराठी मजकूर ढिम्म राहतो, अशी तक्रार मी कितीजणांकडून ऐकली आहे, त्याचं उत्तर बहुधा इथेच असतं.

वहीतलं दुसरं विधान राहिलं होतं, जुनेपणाचं. ते अर्धं खरं आहे. ट्रिक्सीसाठी नवे बदल घेणं १५ मार्च २०२५पासून टप्प्याटप्प्याने आवळत नेलं आणि २७ जुलैला पूर्ण थांबवलं. त्यानंतर प्रोग्रामांच्या आवृत्त्या बहुतांशी तिथेच राहतात, सुरक्षा आणि दोषदुरुस्त्या तेवढ्या येतात. लिबरऑफिस २५.२ आहे, ते पुढची आवृत्ती येईपर्यंत २५.२च राहील. फायरफॉक्सची दीर्घ-मदतीची आवृत्ती मिळते, सुरक्षेची अपडेट वेळच्या वेळी, नवी वैशिष्ट्यं साधारण वर्षाने. माझ्या कामात याने काडीचाही फरक पडत नाही, उलट सोमवारी सकाळी बटणं जागेवर असतात. १५ नोव्हेंबरला १३.२ ही दुरुस्ती-आवृत्ती आली तेव्हा बदल शोधायला बसलो तर डोळ्यांना एकही सापडला नाही. पण ताजे खेळ, नवंकोरं ग्राफिक्स कार्ड, व्हिडिओ संपादनाची शेवटची आवृत्ती हे ज्यांना लागतं त्यांचा जीव इथे गुदमरेल. एखाद-दुसरा प्रोग्राम नवा हवा असेल तर फ्लॅटपॅक हा प्रोग्राम वेगळा टाकायचा मार्ग आहे. मी एका प्रोग्रामसाठी तो वापरतो, डिस्कवर जागा बरीच खातो.

आणि जुन्या यंत्राला डेबियन कायम सांभाळतं असंही समजू नका. ३२ बिटच्या पीसीवर ट्रिक्सी नव्याने इन्स्टॉल करता येत नाही, तो आधार याच आवृत्तीत काढला. कपाटातला जुना नेटबुक त्यामुळे कपाटातच राहिला.

नोव्हेंबरमध्ये एक वेगळाच कारभार अनुभवला. एका छोट्या प्रोग्रामच्या मेन्यूत ‘र्‍य’सारखी अक्षरं फुटत होती. डेबियनमध्ये अशी तक्रार नोंदवायला खिडकी नाही, सगळं ईमेलवर चालतं. ‘रिपोर्टबग’ नावाचा प्रोग्राम प्रश्न विचारत पत्र तयार करून देतो: पॅकेज कोणतं, आवृत्ती कोणती, गांभीर्य किती. पाठवण्याआधी एक गोष्ट जाणून घ्या: तुमचं पत्र ईमेल पत्त्यासकट सार्वजनिक होतं आणि कायमचं राहतं. मी त्यासाठी वेगळा पत्ता उघडला. थोड्या वेळाने तक्रारीचा क्रमांक आला. मग काही आठवडे शांतता. शेवटी त्या पॅकेजची देखभाल करणाऱ्या स्वयंसेवकाचं चार ओळींचं उत्तर आलं: दोष मूळ प्रोग्राममध्ये आहे, मी तिकडे कळवलं आहे, स्क्रीनशॉट चांगले होते. दुरुस्ती या आवृत्तीत येईलच असं नाही, हेही त्याने स्पष्ट लिहिलं. पगार नसलेल्या माणसाकडून आलेलं ते उत्तर मला पुरेसं वाटलं. तिसरं विधान मी खोडलं नाही, त्यापुढे ‘ग्नोम बघ, मग बोल’ एवढं लिहिलं.

खर्चाचं म्हणाल तर प्रणालीसाठी काही द्यावं लागत नाही. इंटरनेटचा डेटा बराच गेला, एक पेन ड्राइव्ह अडकला आणि दीड महिन्याचे शनिवार-रविवार गेले. देणगी द्यायची सोय आहे, ती मी नंतर वापरली.

ट्रिक्सीला पूर्ण मदत ऑगस्ट २०२८पर्यंत आणि त्यापुढे दीर्घ मुदतीची मदत जून २०३०पर्यंत आहे. तोवर यंत्र टिकलं तर पुढच्या आवृत्तीवर जागच्या जागी जाता येईल. नेटइन्स्टचा पेन ड्राइव्ह मी पुसलेला नाही. त्याच्या प्रगत पर्यायांमध्ये ‘रेस्क्यू मोड’ आहे, कधी प्रणाली सुरूच झाली नाही तर तिथून आत शिरता येतं. पेन ड्राइव्हवर चिठ्ठी चिकटवून त्यावर बूट मेन्यूची कळ लिहून ठेवली आहे, कारण ती मला दर वेळी नव्याने शोधावी लागते.